जेऊरची दोन मिनिटे

२२ जानेवारी १८९८ रोजी दुपारी, सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे, पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला दुर्बिणींचा सारा सरंजाम मांडून ज्या क्षणाची प्रतीक्षा करीत होते, तो आला. आणि चंद्रबिंबाने सूर्य पुरता झाकताच, एरवी त्याच्या प्रखर तेजात लोपून जाणारे मोतिया प्रभामंडल आकाशात प्रकट झाले. हाच सूर्याचा किरीट, म्हणजे त्याचे बाह्यतम वातावरण. ते दर्शन जेमतेम दोन मिनिटांचे. त्याच दिवशी कोकणात विजयदुर्गावर ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ सर नॉर्मन लॉकियर यांचाही मुक्काम याच कार्यासाठी पडला होता.

किरीटाच्या वर्णपटात १८६९ पासून एक हिरवी रेषा ज्ञात होती. पृथ्वीवरील कोणत्याही मूलद्रव्याशी तिचा मेळ बसेना, तेव्हा ‘कोरोनियम’ नावाचे एक अज्ञात द्रव्य कल्पून शास्त्रज्ञांनी आपले समाधान करून घेतले. पुढे १९४० च्या सुमारास ग्रोट्रियन आणि एड्लेन यांच्या संशोधनाने सिद्ध झाले की, ही रेषा आपल्या नित्य परिचयाच्या लोखंडाचीच आहे. मात्र त्याच्या अणूतील २६ पैकी १३ इलेक्ट्रॉन निखळून गेलेले आहेत, आणि अशी अवस्था दहा-वीस लक्ष अंश तापमानावाचून संभवत नाही. सूर्याचा दृश्य पृष्ठभाग तर अवघा साडेपाच हजार अंशांचा! चुलीपासून दूर सरावे तसतशी आच वाढत जावी, असा हा विपरीत प्रकार आहे, आणि मला तर त्याचे नवल अजून ओसरलेले नाही.

या कोड्याची किल्ली चुंबकत्वात आहे. १९०८ साली अमेरिकेतील माउंट विल्सन येथे जॉर्ज हेल यांनी सौरडागांच्या वर्णपटातील रेषा दुभंगलेल्या पाहिल्या आणि तेथील चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राहून हजारो पटींनी प्रबळ असल्याचे दाखवून दिले. सूर्य हा घनगोल नव्हे. त्याचा विषुववृत्तीय भाग सुमारे २५ दिवसांत फिरतो, तर ध्रुवांकडील भागास त्याहून कित्येक दिवस अधिक लागतात, आणि या विषम गतीमुळे आतील चुंबकीय रेषा सुताच्या गुंडीप्रमाणे पिळवटत जाऊन पृष्ठभागाबाहेर कमानी करून उसळतात. कमानींचे पाय उकळत्या वायूत रोवलेले असल्याने ते अखंड हेलकावत राहतात; त्यातून लहरी वर चढतात, रेषा एकमेकींत गुंतून तुटतात, पुन्हा जुळतात, आणि साठलेली ऊर्जा किरीटात ओतली जाते. लहरींचा वाटा किती आणि रेषांच्या तुटण्या-जुळण्यातून होणाऱ्या असंख्य सूक्ष्म स्फोटांचा किती, याचा निवाडा अद्याप व्हायचा आहे. रेषांच्या या पिळवटण्याच्या चक्रात सुमारे ११ वर्षांनी डागांची संख्या परमावधीस पोहोचते, आणि सूर्याचे चुंबकीय ध्रुव परस्परांची जागा घेतात.

पुण्याची ती वेधशाळा १९१२ साली बंद होऊन तिची उपकरणे कोडाईकनालला रवाना झाली. परंतु २०२३ साली सूर्याच्या अभ्यासासाठी निघालेल्या भारताच्या ‘आदित्य एल-१’ यानावर, पृथ्वीपासून १५ लक्ष किलोमीटरांवर, पुण्याच्याच ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेने घडविलेली अतिनील दुर्बीण आहे. तिच्या शेजारच्या बंगळुरूच्या उपकरणात सूर्यबिंब कृत्रिम रीतीने झाकण्याची तजवीज असल्याने, त्यास ग्रहणाची वाट पाहावी लागत नाही; आणि ते ज्या मोजक्या रेषांचा वेध घेते, त्यांत तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची ती हिरवी रेषाही आहे.