आजीचं गोंदण, नातीचा टॅटू

माझी आजी अमळनेर तालुक्यातली. कपाळावर टिकली, हनुवटीवर तीन ठिपके, मनगटावर तुळस. ती म्हणायची, "दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं संगे येतं." खान्देशात त्या पिढीला गोंदल्याशिवाय बाई पुरती वाटतच नसे. सातपुड्यातल्या भिल्ल बायकांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातलं गोंदण तर लांबूनही ओळखू येतं.

आईची पिढी कॉलेजात गेली आणि हेच ठिपके गावंढळ ठरले. आई आजही फोटो काढताना हनुवटी पदरानं झाकते. मला ते फार लागतं.

आता जळगाव-धुळ्यातली पोरं हौसेनं टॅटू काढतात. मशीन नवं, पण तत्त्व आजीच्याच सुयांचं: रंग वरच्या कातडीखालच्या थरात जातो, तिथल्या पेशी तो गिळून धरून ठेवतात, म्हणून तो पुसत नाही. विजेच्या टॅटू मशीनचं पेटंट सॅम्युअल ओरायली यांनी न्यूयॉर्कमध्ये 1891 साली घेतलं. मूळ कल्पना एडिसनच्या विजेच्या पेनाची.

भरतीची तयारी करणाऱ्यांनो, जरा थांबा! सैन्यात कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू एवढीच मुभा आहे. परंपरेनं गोंदणाऱ्या आदिवासी उमेदवारांना सवलत मिळते. आणि टॅटू कुणीही काढो, सुई प्रत्येकाला नवी हवी. टॅटूनंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही.

माझ्या बहिणीनं गेल्या वर्षी मनगटावर आजीचीच तुळस काढून घेतली. आईनं ती बराच वेळ बोटानं चाचपून पाहिली.

तुमच्या आजीच्या हातावर काय गोंदलंय? नक्षीचं अहिराणी नाव विचारून कमेंटमध्ये लिहा.