घराचा सांधा सांभाळा



मातीच्या गिलाव्यात आपण भुसा कालवतो. माती वाळताना तडकू पाहते, पण भुशाची काडी ती तड धरून ठेवते. काँक्रीटमध्ये पोलादी तंतू मिसळतात, ते याच कारणासाठी.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसे गेली. त्यानंतर स्लॅबच्या घरावर लोकांचा भरवसा बसला. परंतु नुसत्या स्लॅबने घर भूकंपाला टिकत नाही. २६ जानेवारी २००१ रोजी भूज भागात भूकंप झाला, तेव्हा २०० किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेतही काँक्रीटच्या इमारती कोसळल्या.

कॉलम आणि बीम जिथे मिळतात तो सांधा नाजूक असतो. जमीन हलली की तो आलटून पालटून दोन्ही बाजूंना तिरका ओढला जातो व त्यावर फुलीसारख्या भेगा पडतात. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. तो ताण रिंगांनी घ्यायचा. पण सांध्यात सळयांची दाटी असते, म्हणून कारागीर पुष्कळदा तिथल्याच रिंगा गाळतात.

या दाटीवर तोड म्हणून अमेरिकेत हेनेगर यांनी १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सांध्यातील रिंगांऐवजी पोलादी तंतूंचे काँक्रीट वापरून पाहिले. सांधा चांगला टिकला. हे तंतू साधारण ३० ते ६० मिलीमीटर लांब असतात आणि बहुधा टोकाला वाकवलेले असतात. भेग पडली तरी ते दोन्ही कडा धरून ठेवतात.

मात्र हे काम अंदाजाने करण्याचे नव्हे. घनमीटरभर काँक्रीटमध्ये १ टक्का तंतू म्हणजे सुमारे ७८ किलो पोलाद होते. ते एकदम ओतले तर गोळे होतात. मिक्सरमध्ये थोडे थोडे सोडावे लागतात. प्रमाण इंजिनिअरनेच ठरवावे. त्याने सांगितल्याशिवाय तंतूंच्या भरवशावर एकही रिंग कमी करू नका.

तंतू परवडले नाहीत तरी एवढे कराच. काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक सांधा स्वतः पाहा. कॉलमच्या रिंगा सांध्यातूनही वर गेल्या आहेत ना? त्यांची टोके काटकोनात न ठेवता १३५ अंशांत आत वळवली आहेत ना? वळवलेले टोक निदान ६५ मिलीमीटर, म्हणजे सुमारे अडीच इंच आहे ना? नसेल तर काम थांबवा आणि दुरुस्त करून घ्या. ओतल्यावर ते कोणालाच दिसणार नाही. चार रिंगांचा खर्च थोडा आहे. त्या छपराखाली आपली लेकरे झोपणार आहेत.