पाचारण आणि भरवसा

बालक शमुवेलाची कथा आमच्या विद्यार्थ्यांस तोंडपाठ आहे. देवाने त्यास रात्री हाक मारली, आणि तो तीन वेळा वृद्ध एलीकडेच धावत गेला. हाक कोणाची, हे त्यास उमगले नाही. आम्हांस वाटते, बहुतेकांची गत अशीच होते. पाचारण म्हणजे आकाशवाणी असे समजून आपण वर पाहत बसतो, आणि हाक तर दाराशी उभ्या असलेल्या उपाशी माणसाच्या तोंडून येते.

आपल्या जिल्ह्यात ती १८९९-१९०० च्या दुष्काळात आली. वऱ्हाडची जमीन काळी व कसदार खरी, पण पावसावाचून तीही काय करील? १९०१ च्या खानेसुमारीत बुलढाणा जिल्ह्यात ४,२३,६१६ माणसे भरली. दहा वर्षांत शेकडा सुमारे १२ घटली होती. पोरक्या मुलांसाठी मिशनरी मंडळींनी अकोला व खामगाव येथे अनाथगृहे चालविली. (खामगाव तालुका तेव्हा अकोला जिल्ह्यात होता, १९०५ साली तो आपल्याकडे आला.)

त्यापूर्वी तीनच वर्षे, शेजारच्या मध्यप्रांतात दुष्काळ पडला असता पंडिता रमाबाईंनी हीच हाक ऐकली. त्यांचे शारदासदन १८८९ साली मुंबईत निघून पुढे पुण्यास आले होते. ते बालविधवांसाठी होते. अमेरिकेतील हितचिंतकांनी दहा वर्षे मदतीचे वचन दिले होते, त्याची मुदतही भरत आली होती. मग दुष्काळातील मुलींस अन्न कोठून घालावयाचे? कोणाही व्यवहारी माणसाने येथे थांबावे. परंतु भूक बाईंच्या ओळखीची होती. १८७४ च्या सुमारास वडील अनंतशास्त्री डोंगरे, मागून आई व थोरली बहीण, अशी तिघे दुष्काळाच्या हालांत गेली. रमाबाई व बंधू श्रीनिवास पायी भटकत वाचली. बाई मध्यप्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगमुळे इतक्या मुली ठेवणे अशक्य झाले, तेव्हा केडगावच्या शेतावर छपरे उभारून त्यांस नेले. तेच पुढे मुक्तिसदन झाले.

या भरवशाविषयी एक गैरसमज आहे. प्रार्थना करून स्वस्थ बसणे, हा तो भरवसा नव्हे. केडगावची जमीन बाईंनी आधीच घेऊन ठेविली होती, फळबाग लावून सदनास उत्पन्न व्हावे म्हणून. पुढे तेथे विहिरी खणल्या, मुली शेती, विणकाम, शिवणकाम शिकल्या. अंध मुलीही बोटांनी वाचू लागल्या. पैसा हाती आल्यावर निघू, एवढे मात्र त्या म्हणाल्या नाहीत.

पालकांस येथे एक विनंती. आपली मुलगी परिचारिका होऊ म्हणते, मुलगा खेड्यातील शाळेवर जाऊ म्हणतो, तेव्हा पोटापाण्याचे काय, हा प्रश्न रास्तच आहे. आम्हीही तो आपल्या घरी विचारला आहे. पण एलीने काय केले ते पाहावे. डोळे मंदावलेल्या त्या म्हाताऱ्याने हाक कोणाची ते ओळखले आणि मुलास उत्तर देण्यास शिकविले, जरी सकाळी मिळालेला निरोप त्याच्या स्वतःच्या घराण्याविरुद्ध होता.

केडगावास छापखानाही निघाला. रमाबाईंनी मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून केलेल्या मराठी पवित्र शास्त्राचे खिळे तेथील मुलींनीच जुळविले. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई वारल्या. ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.