प्रयोग म्हणजे हरण्याची तयारी

कविसंमेलन संपले की एखादा श्रोता मागे थांबतो आणि हळूच म्हणतो, ‘ती कविता तुम्ही माझ्यावरच लिहिली आहे.’ दुसऱ्या गावी त्याच कवितेबद्दल दुसरा कुणी तेच सांगतो. दोघेही खरे बोलत असतात. शब्द थोडे सैल ठेवले की ऐकणारा त्यांत आपले आयुष्य भरतो. कवितेचे ते बळ आहे. पण ज्ञानाचा दावा करणाऱ्या शब्दांत हाच सैलपणा शिरला, की फसगत सुरू होते. विज्ञानाला प्रयोग का करावा लागतो आणि तो इतके नियम घालून का करावा लागतो, याचे उत्तर माणसाच्या या स्वभावात आहे.

बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि प्रत्येकाच्या हाती त्याच्या स्वभावाचे वर्णन दिले. ते आपल्याला किती लागू पडते, याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी चाराहून जास्त गुण पडले. मग त्यांना कळले की सगळ्यांना दिलेला मजकूर एकच होता आणि त्यातील वाक्ये राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. ही मुले काही भोळी नव्हती, मानसशास्त्र शिकत होती. मनच असे आहे. जुळले ते लक्षात ठेवते, न जुळले ते सोडून देते. त्यामुळे ‘मला अनुभव आला’ एवढ्यावर विज्ञान थांबत नाही. अनुभव खोटा आहे असे ते म्हणत नाही. तो आणखी कशामुळे आला असू शकेल, एवढेच विचारते.

हे विचारायचे कसे, याचा एक सुंदर धडा चहाच्या कपात आहे. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर हे संख्याशास्त्रज्ञ काम करीत होते. तिथल्या एका विदुषी सहकारी बाईंचे म्हणणे होते की कपात आधी दूध ओतले की आधी चहा, हे त्यांना चवीवरून कळते. आपण असतो तर हसलो असतो किंवा ‘असेल बुवा’ म्हणून गप्प बसलो असतो. फिशर यांनी परीक्षा कशी घ्यावी याचा विचार केला आणि १९३५ मध्ये आपल्या पुस्तकात ती सविस्तर मांडली.

आठ कप घ्यायचे. चारांत दूध आधी, चारांत चहा आधी. हे बाईंना सांगून ठेवायचे. कप कोणत्या क्रमाने पुढे येणार हे मात्र चिठ्ठ्या टाकल्यासारखे नशिबावर सोडायचे. क्रम आपण मनाने लावला, तर आपली लकब बाईंच्या नकळत त्यांना मदत करील. बाईंनी दूध आधी असलेले चार कप वेगळे काढायचे. आठांतून चार कप निवडण्याच्या ७० तऱ्हा होतात. म्हणजे काहीही कळत नसताना चारही बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. तसे घडले तर बाईंचे म्हणणे गंभीरपणे घ्यायला हवे. आणि चारांपैकी तीनच बरोबर आले तर? नुसत्या अंदाजाने तीन किंवा चार बरोबर येण्याची शक्यता जवळजवळ चारात एक आहे. तेवढ्यावर टाळ्या वाजवता येत नाहीत. किती बरोबर आले म्हणजे मान्य करायचे, हे पहिला घोट घेण्यापूर्वी ठरलेले हवे. घोट घेतल्यावर ठरवले, तर आपण निकाल बघून कसोटी बेतणार.

आता आपल्या महाराष्ट्रात या. विद्यापीठांत फलज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचा निर्णय विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ मध्ये घेतला, तेव्हा देशभर वाद झाला. वादात दोन्हीकडून शब्द खर्च होतात, माप कुणी घेत नाही. ते माप पुण्यात घेतले गेले. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांनी मिळून २००८ मध्ये ही चाचणी जाहीर केली.

पहिली गोष्ट, प्रश्न. ‘ज्योतिष खरे की खोटे’ हा प्रश्न फार मोठा आणि सैल आहे, त्यावर प्रयोग रचता येत नाही. त्यांनी एक नेमका दावा घेतला. कुंडलीवरून माणसाची बुद्धी कळते, असे ज्योतिषी सांगतात. मग शाळांतून १०० हुशार मुले आणि १०० मतिमंद मुले निवडली. मतिमंद हा तेव्हाचा रूढ शब्द. आज आपण बौद्धिक दिव्यांग म्हणतो. कार्यकर्त्यांनी मुलांची जन्मतारीख, जन्मवेळ आणि जन्मस्थळ मिळवले आणि संगणकावर २०० कुंडल्या तयार झाल्या. एकीकडे हुशार, दुसरीकडे मतिमंद. इथे ‘थोडेसे जुळले’ म्हणायला जागाच ठेवली नाही.

दुसरी गोष्ट, पडदा. प्रत्येक कुंडलीला सांकेतिक क्रमांक दिला गेला आणि कोणती कुंडली कोणाची याची नोंद पुणे विद्यापीठात बंद ठेवण्यात आली. ज्योतिष्यांना उत्तर माहीत नव्हते हे उघडच आहे. महत्त्वाचे हे की प्रयोग करणाऱ्यांनाही ते माहीत नव्हते. का? तर तेही माणसेच होती. दाभोलकर आणि नारळीकर फलज्योतिषावर टीका करणारे म्हणून सर्वांना ठाऊक होते. निकाल आपल्या बाजूने लागावा असे त्यांच्या मनात येणे स्वाभाविक होते. हातातली कुंडली कोणाची हे कळले असते, तर ती निवडताना, पाठवताना, उत्तर तपासताना ती इच्छा कुठेतरी झिरपली असती. चांगल्या प्रयोगात प्रयोग करणारा स्वतःचेही डोळे बांधतो. प्रतिपक्षावर अविश्वास दाखवणे सोपे असते. स्वतःवर तेवढाच अविश्वास दाखवणे ही मला विज्ञानातली सर्वांत सुसंस्कृत गोष्ट वाटते.

तिसरी गोष्ट, कसोटी. प्रत्येक ज्योतिष्याला २०० मधून नशिबावर सोडून निवडलेल्या ४० कुंडल्या. नाणे उडवून उत्तरे लिहिली तरी सरासरी २० बरोबर येणारच. म्हणून ४० पैकी किमान २८ बरोबर यायला हवीत, असे ठरले. नुसत्या अंदाजाने एखाद्याची २८ किंवा त्याहून अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी आहे.

५१ ज्योतिष्यांनी कुंडल्या मागवल्या, २७ जणांनी उत्तरे पाठवली. सर्वाधिक गुण २४. दोघांना २२. बाकी सगळे वीस किंवा त्याखाली. एका ज्योतिष संस्थेने सर्व २०० कुंडल्या तपासल्या, तिची १०२ उत्तरे बरोबर आली. नाण्याचा छापा-काटा याहून वेगळे सांगत नाही. हे निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

त्या २४ गुणांवर जरा थांबू या. चाळिसांत चोवीस, म्हणजे साठ टक्के. या ज्योतिष्याची एकट्याची गोष्ट आपल्या कानावर आली असती, तर ‘दहांत सहा वेळा बरोबर सांगतो’ अशी कीर्ती पसरायला वेळ लागला नसता. पण २७ माणसांनी प्रत्येकी ४० वेळा नाणे उडवले, तर त्यांतले तीन-चार जण २४ किंवा त्यावर सहज पोचतात. बाकीच्या सव्वीस जणांना मोजले, तेव्हाच त्या चोविसाची खरी किंमत कळली. आपल्या अनुभवात नेमके हे सव्वीस जण हजर नसतात.

या प्रयोगाने काय सिद्ध केले नाही, हेही सांगायला हवे. त्याने ज्योतिषाचा प्रत्येक दावा तपासला नाही. ५१ पैकी २४ जणांनी उत्तरेच दिली नाहीत, त्यांना काय गुण पडले असते ते सांगता येत नाही. प्रयोगाने इतकेच दाखवले की ज्यांनी उत्तरे पाठवली त्यांना कुंडलीवरून हुशार आणि मतिमंद यांतला फरक ओळखता आला नाही. जेवढे मोजले तेवढेच बोलावे, ही विज्ञानाची मर्यादाही आहे आणि अदबही.

कुणी म्हणेल, हा मुसलमान माणूस दुसऱ्यांच्या कुंडल्यांवर बोलतो आहे. म्हणून सांगतो, आमच्या घरांत कुंडली नसते, पण ताईत असतो, दम केलेले पाणी असते. पोराला ताप येतो, दुसऱ्या दिवशी दंडाला ताईत बांधला जातो, चौथ्या दिवशी ताप उतरतो. श्रेय ताइताला. पुष्कळसे ताप ताईत न बांधताही चार दिवसांत उतरतात, हे कुणी मोजत नाही. ज्या घरात उतरला नाही, त्या घरातली आई हा अनुभव सांगत फिरत नाही. ती आपलेच नशीब खोटे म्हणून गप्प राहते. ईमान हा माणसाचा आणि अल्लाचा मामला आहे, त्याला वजनकाटा लागत नाही. पण ‘याने ताप उतरतो’ असे कुणी म्हटले की तो दावा या जगातला झाला. त्याला चहाच्या आठ कपांचा नियम लागू होतो, मग दावा कोणत्याही धर्माच्या माणसाचा असो.

हे सगळे करायचे कशासाठी? कारण हे दावे कागदावर राहत नाहीत. कुंडलीत मंगळ आहे म्हणून एखाद्या मुलीचे लग्न अडते. अंगात वारे शिरले म्हणून एखाद्या आजारी बाईला डॉक्टरऐवजी दर्ग्यावर बसवतात. मूल मतिमंद जन्मले तर आईच्या पायगुणाला बोल लावतात. किंमत नेहमी घरातले सर्वांत दुबळे माणूस मोजते आणि त्याला प्रयोगाची मागणी करण्याची मुभा नसते.

दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. नारळीकर मे २०२५ मध्ये आपल्यातून गेले. त्यांची ही चाचणी मात्र कुणालाही पुन्हा करून पाहता येईल. कुंडल्या नव्या घ्या, माणसे नवी घ्या, नियम तेच ठेवा. निकाल वेगळा लागला, तर विज्ञानाला तो मान्य करावा लागेल.

तोवर आपल्यासारख्या साध्या माणसाने एक प्रश्न जवळ ठेवावा. औषध विकणारा, भविष्य सांगणारा, पुढारी, वैज्ञानिक, समोर कुणीही असो, त्याला अदबीने विचारावे: ‘काय घडले तर तुम्ही म्हणाल की माझे चुकले?’ ज्याच्यापाशी या प्रश्नाचे नेमके उत्तर आहे, त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. ज्याच्यापाशी नाही, त्याला नमस्कार करून घरी यावे.