वॉरहेड रडारवर दिसत नाही

‘ब्राह्मोस क्षेपणास्त्रावर अणुबॉम्ब नसतो, मग अणुयुद्धाची भीती कशाला?’ मे २०२५ मधल्या भारताच्या ऑपरेशन सिंदूरनंतर हा प्रश्न वारंवार कानावर येतो. पारंपरिक शस्त्रं एकीकडे, अण्वस्त्रं दुसरीकडे आणि मध्ये पक्की भिंत, असा समज त्यामागे आहे. अशी भिंत नाही.

९ मार्च २०२२ रोजी संध्याकाळी भारतातून चुकून सुटलेलं ब्राह्मोस पाकिस्तानच्या हद्दीत १२४ किलोमीटर आत, मियाँ चन्नूजवळ पडलं. पाकिस्तानी लष्कराच्या म्हणण्यानुसार ते त्यांच्या हवाई हद्दीत चार मिनिटंसुद्धा नव्हतं. जीवितहानी झाली नाही. देखभालीच्या वेळी तांत्रिक बिघाड झाला, हे भारताने सांगितलं ११ मार्चला. पुढे ऑगस्टमध्ये हवाई दलाचे तीन अधिकारी बडतर्फ झाले. ती चार मिनिटं पलीकडे रडारसमोर बसलेल्या माणसाच्या जागेवरून पाहा. पडद्यावर वेग, उंची, दिशा दिसते. आत काय भरलंय ते दिसत नाही. पाकिस्तानचं बाबर आणि चीनचं डीएफ-२६ तर पारंपरिक आणि आण्विक अशी दोन्ही प्रकारची वॉरहेड वाहून नेऊ शकतात. तिथे क्षेपणास्त्र ओळखूनही उलगडा होत नाही.

मग दर वेळी अणुयुद्धच पेटणार का? तेही खरं नाही. मियाँ चन्नूनंतर पाकिस्तानने निषेध केला, जाब विचारला, पण उलट मारा केला नाही. मात्र तेव्हा सीमा शांत होती. तेच क्षेपणास्त्र मे २०२५ मध्ये सुटलं असतं, तर ते चुकून आलंय यावर कुणी विश्वास ठेवला असता असं मला वाटत नाही.

‘मारा अचूक, म्हणजे युद्ध आटोक्यात’ हा समज जास्त घातक आहे. अचूकतेने सामान्य माणसांचे जीव वाचतात, हे खरंच. पण तिच्यामुळेच शत्रूची रडार, तळ आणि आदेश देणारी केंद्रं साध्या स्फोटकांनी निकामी करता येऊ लागली आहेत. १० मे २०२५ रोजी भारताने रावळपिंडीतल्या नूर खान हवाई तळावर मारा केला. पाकिस्तानची अण्वस्त्रं सांभाळणाऱ्या स्ट्रॅटेजिक प्लॅन्स डिव्हिजनचं मुख्यालय तिथून जवळच आहे. त्याच दिवशी अण्वस्त्रांबाबत निर्णय घेणाऱ्या नॅशनल कमांड अथॉरिटीची बैठक बोलावल्याची बातमी आली, मग तिथल्या संरक्षणमंत्र्यांनी ती नाकारली. जिथे अण्वस्त्रं असल्याचं बोललं जातं, त्या किराणा टेकड्यांवर आम्ही मारा केलेला नाही, असं एअर मार्शल ए. के. भारती यांनी दोनच दिवसांनी सांगितलं. पण हल्ला चालू असताना समोरच्याला हेतू कळत नाही, फक्त ठिकाण कळतं. आपली अण्वस्त्रं वापरण्याआधीच हातची जातील, अशी धास्ती बसली की माणसं घाईने निर्णय घेतात. भारताचं धोरण ‘प्रथम वापर नाही’ असं आहे. पाकिस्तानने तसं वचन दिलेलं नाही.

हीच अनिश्चितता वाढवणाऱ्या हायपरसॉनिक क्षेपणास्त्रांबद्दल थोडक्यात: नुसत्या वेगात नवं काही नाही. आंतरखंडीय बॅलिस्टिक क्षेपणास्त्राचं वॉरहेड ध्वनीच्या वीसपट वेगाने खाली येतं. नवं आहे ते वाटेत वळणं घेणं, त्यामुळे ते नेमकं कुठे पडणार हे फार उशिरा कळतं.

‘हॉटलाइन आणि करार आहेतच की!’ आहेत, पण अपुरे. २००५ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची चाचणी किमान तीन दिवस आधी एकमेकांना कळवतात. क्रूझ क्षेपणास्त्रं त्यात नाहीत. आणि ब्राह्मोस, बाबर दोन्ही क्रूझच. ऑगस्ट २०२५ मध्ये पाकिस्तानने वेगळी रॉकेट फोर्स कमांड जाहीर केली, त्यामुळे हे भगदाड आता लवकर बुजवायला हवं. ते अशक्य नाही: अणुकेंद्रांच्या याद्या दोन्ही देश १९९२ पासून दर १ जानेवारीला एकमेकांना देतात. कारगिलनंतर तो क्रम मोडला नाही, पुलवामानंतरही नाही.