दुरंगी पानांचा मनी प्लांट : कोणत्या ऋतूत किती उजेड?

आपल्या वस्त्यांतून, चाळींतून आणि पुनर्वसनाच्या इमारतींतून फिरताना एक गोष्ट आम्हाला हमखास दिसते. घर दहा बाय बाराचे असो की त्याहून लहान, खिडकीच्या ग्रीलला किंवा टीव्हीवरच्या बाटलीत मनी प्लांटची वेल असतेच. महागडी रोपे विकत आणणे परवडत नाही. पण ही वेल शेजारणीकडून मिळते आणि पाण्यातही जगते. हिरव्या पानावर पिवळे किंवा पांढरे पट्टे असले की घराला शोभा येते. मात्र हीच पट्ट्यांची वेल काही महिन्यांत नुसती हिरवी होते, नाहीतर तिची पाने करपतात. मग 'आमच्या हाताला गुण नाही' असे म्हणून ती फेकून दिली जाते. दोष हाताचा नसतो. दोष बहुधा उजेडाचा असतो.

प्रथम ही वेल समजून घेऊ. तिचे शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम. ती मूळची प्रशांत महासागरातील मोरेया या बेटाची. सन 1880 च्या सुमारास तिची शास्त्रीय नोंद झाली. तिला फुले जवळजवळ येतच नाहीत, म्हणून तिचे बी मिळत नाही. जगभर ती फांदी तोडून, पेराला फुटलेल्या मुळावरच वाढविली जाते.

पानाचा हिरवा रंग हरितद्रव्यामुळे येतो. सूर्यप्रकाशात अन्न तयार करण्याचे काम तेच करते. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसते आणि पिवळसर भागात ते फार कमी असते. म्हणजे घरात कमावणारा एक आणि खाणारे चार, तशी या पानाची स्थिती आहे. हिरवा भाग कमावतो, पांढरा भाग त्यावर जगतो. उजेड कमी पडला की नवी पाने अधिक हिरवी येऊ लागतात आणि पट्टे आटतात. उलट ऊन प्रखर झाले की पांढरा भाग आधी करपतो, कारण उन्हाचा मारा सोसण्याची ताकद त्यात कमी असते. थोडक्यात, दुरंगी पानाला साध्या हिरव्या पानापेक्षा जास्त उजेड लागतो. पण कडक ऊन सोसत नाही.

उजेड किती आहे हे मोजायला यंत्राची गरज नाही. दुपारी कुंडीच्या जागी पांढरा कागद धरावा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धरावा. सावली ठळक, कडा स्पष्ट असतील तर उजेड कडक आहे. सावली दिसते पण कडा पुसट आहेत, तर जागा उत्तम. सावलीच पडत नसेल तर पट्टे टिकणार नाहीत. ही परीक्षा प्रत्येक ऋतूत करावी, कारण खिडकी तीच असली तरी सूर्य जागा बदलतो.

मुंबईचेच उदाहरण घ्या. डिसेंबरात दिवस सुमारे 11 तासांचा, तर जूनमध्ये सव्वातेरा तासांचा असतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून कवडसा घरात दूरवर येतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मात्र दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे हिवाळ्यात उन्हाचा थेंबही न पाहिलेल्या उत्तरेच्या खिडकीत उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरके ऊन शिरते.

आता ऋतुमानाप्रमाणे काय करावे ते पाहू.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी : कुंडी खिडकीजवळ ठेवावी. सकाळचे कोवळे ऊन तास-दोन तास चालते. दक्षिणेच्या खिडकीत दुपारचे ऊन पानावर थेट पडत असेल तर कुंडी हातभर बाजूला घ्यावी.

मार्च ते मे : कुंडी खिडकीपासून तीन-चार फूट आत घ्यावी. जागा नसेल तर खिडकीला जुनी पांढरी ओढणी किंवा धोतराचा तुकडा बांधावा. पश्चिमेच्या खिडकीत ही काळजी अधिक घ्यावी. तापलेल्या लोखंडी ग्रीलला पाने टेकू देऊ नयेत.

जून ते सप्टेंबर : आभाळ भरलेले असते. पडदा काढून कुंडी पुन्हा खिडकीशी आणावी. उजेड कमी तर पाणीही कमी, हे लक्षात ठेवावे. बोट मातीत दोन पेरे घालून पाहावे. कोरडे लागले तरच पाणी द्यावे.

ऑक्टोबर : हा महिना फसवा. पावसाळ्यात आलेली पाने कोवळी असतात आणि ऊन एकदम तापते. कुंडी थोडी आत सरकवावी. जागा बदलायची ती एका दिवसात नव्हे, तर आठ-दहा दिवसांत थोडी थोडी.

परिणाम पाहताना जुन्या पानाकडे पाहू नये. आटलेले पट्टे त्यावर परत येत नाहीत. नवे पान कसे येते ते पाहावे. एखादी फांदी सलग हिरवीच वाढत असेल तर पट्टे असलेल्या पानापर्यंत मागे येऊन ती छाटावी, नाहीतर ती जोरात वाढून साऱ्या वेलीवर वरचढ होते. आठवड्यातून एकदा कुंडी थोडी फिरवावी आणि पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसावी.

समोर इमारत उभी राहिल्याने खालच्या मजल्यांवर दिवसाही अंधार असतो, ही अनेकांची व्यथा आहे. अशा घरी 10 वॅटचा पांढरा एलईडी दिवा वेलीपासून फूटभर अंतरावर रोज दहा तास लावता येतो. हिशेब केला तर महिन्याला 3 युनिट वीज लागते.

या वेलीच्या नावामुळे घरात कलहही होतात. आमच्या वस्तीत एका घरी वेल पिवळी पडली, म्हणून 'हिच्या पायगुणाने पैसा टिकत नाही' असे नव्या सुनेला ऐकावे लागले. आम्ही जाऊन पाहिले. कोणीतरी सांगितले म्हणून वेल आग्नेय कोपऱ्यात, कपाटाच्या आड ठेवली होती आणि भर जुलैत तिला दोन वेळा पाणी घातले जात होते. वेल खिडकीशी आणली, पाणी आवरले. ऑक्टोबरपर्यंत पट्ट्यांची तीन नवी पाने आली. सासूबाईंनीच ती शेजारी दाखविली. वेलीला दिशा कळत नाही, उजेड कळतो. हे त्या घराला पटले. चोरून आणलेली वेलच फळते ही समजूतही तशीच. फांदीपासूनच वाढणारी ही वेल चोरली काय आणि मागून आणली काय, ती तीच असते. मागून आणावी, शेजारधर्मही वाढतो.

दोन सूचना मात्र विसरू नयेत. हिच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे कण असतात. लहान मुलाने पान चावले तर तोंडाची आग होते, सूज येते. तसे झाल्यास तोंड पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे न्यावे. वेल बाटलीत असेल तर पाणी आठवड्याला बदलावेच, कारण डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो.

या रविवारी दुपारी कागद घेऊन आपल्या खिडकीशी सावली पाहा. मुलांनाही सोबत घ्या. सूर्य वर्षभर कसा सरकतो हा शाळेतला धडा त्यांना घरच्या खिडकीतच कळेल.