तक्त्यातले दिवस येतात कुठून?

स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला बांधकाम व्यवस्थापनाच्या पेपरात एक प्रश्न हमखास भेटतो. अ, ब, क अशी दहाबारा कामे, कोणते काम कशानंतर करायचे याची माहिती आणि प्रत्येक कामासमोर दिवस: 4, 6, 3. विद्यार्थी कामांचे जाळे काढतो, त्यातला क्रिटिकल पाथ, म्हणजे सर्वांत जास्त वेळ घेणारा मार्ग, शोधतो आणि प्रकल्प 27 दिवसांत संपेल असे लिहितो. गुण मिळतात. ते 4 आणि 6 दिवस कोणी ठरवले, हे त्याला कोणी विचारत नाही. नोकरीच्या पहिल्या साइटवर मात्र नेमके तेच विचारले जाते.

या विषयाच्या अध्यापनातली सर्वांत मोठी उणीव ही आहे. तक्ता सोडवायला शिकवतात, तो तयार करायला शिकवत नाहीत.

क्रिटिकल पाथची पद्धत 1957 च्या सुमारास अमेरिकेत आकाराला आली. ड्यूपाँ कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी ती रासायनिक कारखान्यांच्या उभारणीसाठी आणि देखभालीसाठी घडवली. लुईव्हिलच्या कारखान्यात देखभालीसाठी यंत्रणा बंद ठेवण्याचा वेळ तिच्यामुळे 125 तासांवरून 93 तासांवर आला. अशी कामे आधी अनेकदा झालेली असत, त्यामुळे कोणत्या कामाला किती वेळ लागतो याचा अंदाज अनुभवातून बांधता येई. त्याच काळात अमेरिकी नौदलापुढे पोलारिस क्षेपणास्त्राचा प्रकल्प होता आणि तिथे असा अनुभव कोणाकडेच नव्हता. म्हणून 1958 मध्ये पर्ट ही पद्धत आली. तिच्यात प्रत्येक कामाचे तीन अंदाज घेतात: सगळे सुरळीत झाले तर, नेहमीसारखे झाले तर आणि सगळे बिनसले तर. हे अंदाज 4, 6 आणि 14 दिवस असतील, तर सूत्राने 7 दिवस येतात. वर्गात हे सूत्र पाठ होते. 14 हा आकडा कोणत्या भीतीतून आला, हे मात्र क्वचितच बोलले जाते.

साधे वीटकाम घेतले तरी हे कळते. पाठ्यपुस्तकानुसार एक गवंडी दिवसाला सुमारे 1 घनमीटर वीटकाम करतो. म्हणजे 40 घनमीटरला 4 गवंडी लावले की 10 दिवस. पण विटा तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार? गवंड्यांच्या हाताखाली बिगारी पुरेसे आहेत का? पाण्याचा टँकर सकाळी येतो की दुपारी? जूनमध्ये पेरणीला आणि दिवाळीला कामगार गावी गेले तर परतणार कधी? या प्रश्नांची उत्तरे मुकादमाला तोंडपाठ असतात. विद्यार्थ्याने त्याच्याजवळ बसून ती लिहून घेतली, तर 10 दिवसांचे 14 का होतात हे त्याला कोणत्याही व्याख्यानापेक्षा चांगले समजेल.

काही दिवस मात्र माणसे वाढवूनही कमी होत नाहीत. आयएस 456 या भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटमध्ये साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू किमान 7 दिवस ठेवावे लागतात, त्याहून मोठ्या गाळ्याला 14 दिवस. सहा मीटरपेक्षा लांब तुळईखालचे टेकू तर 21 दिवस. वेळापत्रक मागे पडले की पहिली नजर या टेकूंवर जाते, कारण ते काढले की पुढच्या मजल्याला सामान मिळते. तक्त्यातले सगळेच दिवस सारख्या जातीचे मानणारा अभियंता इथे घातक ठरू शकतो. वीटकामाचे दिवस ठेकेदाराशी बोलून कमी करता येतात. काँक्रीटशी असे बोलता येत नाही, आणि त्या स्लॅबखाली माणसे काम करत असतात. वेळापत्रकाच्या पहिल्याच तासाला हा फरक शिकवायला हवा.

दिवस ठरवले तरी ते एकमेकांवर कसे आदळतात, हे समजावण्यासाठी जगभर एक सुंदर खेळ वापरला जातो. आयरिस टॉमेलिन, डेव्हिड रायली आणि ग्रेग हॉवेल यांनी 1990 च्या दशकाच्या शेवटी तो प्रसिद्ध केला. इंग्रजीत त्याला ‘परेड गेम’ म्हणतात. सात विद्यार्थी ओळीने बसतात. एक सेंटरिंगवाला, एक फिटर, एक गवंडी, मग प्लंबर, इलेक्ट्रिशियन, गिलावेवाला आणि रंगारी. पहिल्यासमोर 35 सोंगट्या असतात. प्रत्येक जण आठवड्याला एकदा फासा टाकतो आणि पडेल तितक्या सोंगट्या पुढच्याकडे सरकवतो. अट एकच: हातात आहेत त्याहून जास्त सरकवता येत नाहीत.

सगळ्यांच्या फाशावर फक्त 5 असेल, तर पहिला सात आठवड्यांत मोकळा होतो आणि शेवटचा तेराव्या आठवड्यात. मग फासे बदलतात. आता प्रत्येकाच्या तीन बाजूंवर 1 आणि तीन बाजूंवर 9 आहे. सरासरी 5 च. विद्यार्थ्यांना वाटते, निकाल साधारण तोच लागेल. पण सेंटरिंगवाल्याला 1 पडतो आणि त्याच वेळी फिटरला 9, तेव्हा फिटर एकच सोंगटी सरकवू शकतो. त्याचे आठ सोंगट्यांचे काम वाया जाते आणि ते पुन्हा मिळत नाही. पुढच्या फेरीत उलटे घडते आणि सोंगट्यांचा ढीग साचतो. रंगारी बराच वेळ नुसता बसून राहतो, आणि शेवटी उशीर झाला म्हणून सगळे त्याच्याकडेच बघतात. पुस्तकातली दहा पाने जे सांगत नाहीत, ते या अर्ध्या तासात डोळ्यांसमोर घडते. साहित्य म्हणून फासे आणि सोंगट्या एवढेच लागते. महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या महाविद्यालयाला ते परवडेल.

मोठ्या प्रमाणावरचा धडा कोकण रेल्वेत आहे. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली 1990 मध्ये महामंडळ स्थापन झाले आणि रोहा ते मंगळूर हा सुमारे साडेसातशे किलोमीटरचा मार्ग पाच वर्षांत पुरा करायचे ठरले. कठीण खडकातल्या बोगद्यांसाठी स्वीडनहून यंत्रे आणली गेली आणि ते काम वेगाने झाले. मऊ, पाण्याने भरलेल्या मातीतले बोगदे मात्र मंद गतीने, माणसांच्या हातांनीच पुढे सरकवावे लागले. माती पुन्हा पुन्हा ढासळत होती, त्यात माणसांचे जीवही गेले. गोव्यातला पेडण्याचा बोगदा सर्वांत शेवटी पूर्ण झाला आणि संपूर्ण मार्ग जानेवारी 1998 मध्ये खुला झाला. पर्टच्या तिसऱ्या रकान्यातला आकडा म्हणजे काय, हे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला पेडण्याचे नाव सांगावे.

या विषयाचे सखोल शिक्षण देणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत. बांधकाम उद्योगाच्या पुढाकाराने 1983 मध्ये स्थापन झालेली निकमार पुण्यात बालेवाडीला पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवते. पण बहुतेक साइट अभियंते पदवी घेऊन थेट कामावर जातात. त्यांच्यासाठी हा विषय पदवीतच जिवंत व्हायला हवा, आणि त्यासाठी महागड्या सॉफ्टवेअरची वाट पाहायचे कारण नाही.

ग्लेन बॅलार्ड यांच्या ‘लास्ट प्लॅनर’ पद्धतीतला एक भाग तर वहीपेनावर करता येतो. सोमवारी साइटवर या आठवड्यात काय काय पुरे करणार, हे मुकादम आणि अभियंत्याकडून लिहून घ्यायचे. शनिवारी त्यातले काय झाले ते पाहायचे आणि जे झाले नाही त्याचे कारण नोंदवायचे. बॅलार्ड आणि हॉवेल यांनी अशा नोंदी पाहिल्या, तेव्हा कबूल केलेल्या कामांपैकी निम्म्याहून थोडीच जास्त वेळेत होत असल्याचे आढळले. विद्यार्थ्यांच्या गटाने एका सत्रभर जवळच्या इमारतीवर हे केले, तर वहीत कारणे उतरतील: नकाशा उशिरा आला, आदल्याचे काम अपुरे राहिले, लोखंड पोहोचले नाही, तयार काँक्रीटची (आरएमसी) गाडी वाहतुकीत अडकली. त्या नोंदींवरून त्यांनी पुढच्या मजल्याचे दिवस स्वतः ठरवावेत, आणि अंतिम परीक्षेत त्या आकड्यांना क्रिटिकल पाथच्या प्रश्नाइतकेच गुण असावेत.